ज्या शाळेत आपले मूल नाही



मावळातल्या एका वस्तीच्या विहारात वंदना आटोपल्यावर सह्यांसाठी एक अर्ज फिरत होता. डोंगराकडच्या वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा पट कमी आहे म्हणून बंद करू नये, एवढीच त्यात मागणी होती. एका बापाने तो कागद नीट वाचला, खाली ठेवला आणि म्हणाला, "माझी दोन्ही मुलं तळेगावला इंग्रजी शाळेत जातात. गाडी दारात येते. त्या वाडीच्या शाळेत आता आपल्या समाजाचं एकही पोर उरलेलं नाही. मग आपण सही कशाला करायची?"

त्याच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. हा माणूस कारखान्यात रात्रपाळी करतो आणि पगारातला मोठा हिस्सा मुलांच्या फीमध्ये घालतो. त्याला कोणी उत्तर दिले नाही. मीही दिले नाही, कारण चटकन द्यावे असे उत्तर माझ्यापाशी नव्हते. अर्ज पुढच्या माणसाकडे गेला. त्या प्रश्नाचा विचार त्यानंतर मी पुष्कळ केला. तो एका बापाचा प्रश्न नाही. आपल्यापैकी ज्यांनी नुकताच धम्म स्वीकारला आहे आणि ज्यांच्या घरात पहिल्यांदाच चार पैसे येऊ लागले आहेत, त्या प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे.

आधी प्रसंग काय आहे ते पाहू. २१ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याने एक पत्र काढले. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून त्यांच्या जागी 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव त्यात मागवले होते. अशा शाळा राज्यात सुमारे १५ हजार होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांहून अधिक मुले शिकत होती. भागाकार करून पाहा, एका शाळेच्या वाट्याला बारा-तेरा मुले येतात. गावोगावी विरोध झाला, आणि एकही शाळा बंद होणार नाही असे शासनाला सांगावे लागले. पण शाळा बंद करण्यासाठी दारावर कुलूपच लावावे लागते असे नाही. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षकांची पदे ठरवण्याचे निकष बदलले. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असली तर तेथे शिक्षकाचे एकही पद मंजूर होत नाही, अशी वेळ त्याने आणली. शिक्षक गेला की मुले जातात, आणि मुले गेली की शाळा आपोआप मिटते. मग ती कोणी मिटवली, हे कोणालाही विचारता येत नाही.

आता मावळचा भूगोल डोळ्यांसमोर आणा. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही तिन्ही खोरी डोंगरांत शिरलेली. वाड्या विखुरलेल्या. लोणावळ्याचा पाऊस पाहायला मुंबई-पुण्याहून लोक येतात. त्या पावसात चार महिने चालत शाळेत जाणे म्हणजे काय, हे वाडीतल्या आईला विचारावे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे, आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. नकाशावर अंतर मोजणाऱ्याला ओढा दिसत नाही. १५ जून २०२५ रोजी आपल्याच तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. ते पर्यटक होते, मौजेसाठी आले होते. बातमी देशभर झाली. रोज साकवावरून जाणाऱ्या मुलांची बातमी होत नाही. आईला पुराची भीती वाटली की ती मुलाला घरी ठेवते. मुलीला तर आधी ठेवते.

समूह शाळेच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण आपण बुद्धाचे अनुयायी आहोत आणि दुसऱ्याचे म्हणणे पडताळून पाहिल्याशिवाय टाकून देणे आपल्याला शोभत नाही. सहा मुलांच्या शाळेत चार इयत्ता एकाच गुरुजींसमोर बसतात. त्यातच गुरुजींना माहिती भरायची असते, बैठकीला जायचे असते, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा असतो. अशा शाळेत खो-खोचा संघ होत नाही. प्रयोगशाळा नसते. बरोबरीने शिकणारे, भांडणारे, चढाओढ करणारे मित्र नसतात. पानशेतला मोठी समूह शाळा उभी राहिली आणि शासनाने तिचेच उदाहरण पुढे केले. जिथे गाडी खरोखर रोज येते, रस्ता बारमाही आहे आणि पालकांनी स्वतः होकार दिला आहे, तिथे मोठी शाळा मुलांच्या हिताची ठरू शकते, हे मी मान्य करतो. परंतु या सगळ्या हिशेबात जे मूल गाडीपर्यंत पोहोचणार नाही त्याची बेरीज कोणत्या रकान्यात करायची? शंभर मुलांची सोय झाली आणि सात गळाली तर ती योजना यशस्वी म्हणायची का?

बाबासाहेबांनी या प्रश्नाला तोंड दिले होते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेत नाव घातले म्हणजे काम संपले असे त्यांनी मानले नाही. दारातून आत आलेले मूल लिहिते-वाचते होऊन, आणि कायम लिहिते-वाचते राहील अशा अवस्थेतच बाहेर पडले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सरकार दारूवरच्या करातून लोकांकडून जेवढे घेते तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करावे, असेही त्यांनी त्याच भाषणात बजावले. दर मुलामागे खर्च परवडत नाही असे जेव्हा आज सांगितले जाते, तेव्हा हे आठवावे.

पुढे २३ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली. हे शिक्षण प्राथमिकपुरतेच मर्यादित ठेवावे असे काही सभासदांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी ते मानले नाही. त्यांचा युक्तिवाद साधा होता: चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावू नये असे आपण घटनेत लिहीत आहोत, मग ते मूल त्या वयापर्यंत कुठेतरी असले पाहिजे, आणि ती जागा शाळाच असली पाहिजे. म्हणजे शाळा आणि मजुरी यांच्या मध्ये तिसरी जागा नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. मावळातल्या कातकरी कुटुंबांकडे पाहा. पावसाळा सरला की अनेक कुटुंबे बिऱ्हाड घेऊन विटभट्टीवर जातात. वाडीत शाळा उघडी असली तर निदान आजी-आजोबांपाशी मूल ठेवण्याचे काही कारण राहते. शाळा गेली की मूल भट्टीवर जाते. तिथे ते चिखल तुडवते, नाहीतर धाकट्या भावंडाला सांभाळते. घटनेने त्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. शिक्षण मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती लागली, आणि कायदा प्रत्यक्ष अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडला. इतक्या उशिरा आलेला हक्क 'पट कमी' या दोन शब्दांनी परत घेतला जात असेल तर गप्प कसे राहायचे?

(एक गोष्ट जाता जाता. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागा गरिबांच्या मुलांना मिळू नयेत म्हणून ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य शासनाने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर हे बंधन राहणार नाही, असा तो बदल होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. गरिबाला म्हणायचे की तुझ्या जवळ सरकारी शाळा आहे, तिथे जा. आणि सरकारी शाळेला म्हणायचे की तुझ्याकडे मुले नाहीत, तू मिट. ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडून निघतात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.)

आता त्या बापाच्या वाक्याकडे येतो. "आपल्या समाजाचं एकही पोर नाही." या वाक्यातला 'आपल्या' हा शब्द मला टोचला. बंधूंनो, आपण १९५६ मध्ये, किंवा तुमच्यापैकी कोणी अगदी गेल्या वर्षी, जे सोडले ते काय सोडले? देव्हाऱ्यातल्या मूर्ती सोडल्या, नवस सोडले, अंगात येणे सोडले. परंतु माणसांची मोजणी जातीने करणे सोडले की नाही? बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची प्रतिज्ञा आहे. 'सर्व माणसे, पण आपल्या वस्तीतली' असे त्यात लिहिलेले नाही. त्या वाडीत उरलेली मुले कातकऱ्यांची आहेत, ठाकरांची आहेत, बंगल्याची राखण करणाऱ्या गड्याची आहेत. ती आपली नाहीत असे म्हणताना आपण नेमकी तीच मोजपट्टी हातात घेतो, जिने एकेकाळी आपल्या पणजोबांना मोजले होते.

त्या मोजणीचा इतिहास विसरण्याइतका जुना नाही. सातारच्या शाळेत बालवयाच्या भीमरावांना वर्गात वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागत असे. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर करून घेतला. बोले हे भंडारी समाजाचे होते. ज्या शाळेच्या दाराबाहेर आपली मुले उभी होती त्या शाळेसाठी भांडायला त्यांच्या घरातले पोर बाहेर उभे नव्हते. त्यांच्या आधी, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे महात्मा जोतीराव फुल्यांनी लिहून दिले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात ते मोफत व सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. छत्रपतींची मुले त्या खेडेगावच्या शाळांत जाणार होती थोडीच! जर त्या सर्वांनी 'त्या शाळेत आमचे मूल नाही' असे म्हटले असते, तर तळेगावची फी भरणारा तो बाप आज कोठे असता?

यावर कोणी म्हणेल की मग त्या बापाने इंग्रजी शाळेतून मुले काढून वाडीच्या शाळेत घालावीत. मी असे म्हणणार नाही. चळवळ चालावी म्हणून कोणी आपल्या पोराला खर्ची घालावे, ही मागणी अन्यायाची आहे, आणि अशी मागणी करणारे बहुधा स्वतःची मुले आधी सुरक्षित ठेवतात. आपले मूल चांगल्या शाळेत जावे ही इच्छा पाप नाही. परंतु एवढे मात्र मान्य करावे लागेल की पट जो कमी झाला तो आपण निघून आलो म्हणूनही झाला. ज्यांना बोलता येत होते, अर्ज लिहिता येत होता, वडगावला पंचायत समितीत जाऊन साहेबांसमोर उभे राहता येत होते, ती माणसे आधी बाहेर पडली. मागे उरले ते ज्यांना आवाज नाही असे. मी याला दोष म्हणत नाही, देणे म्हणतो. मूल परत नेण्याची गरज नाही. आवाज तेवढा परत नेता येतो.

आळवी नगरीतली एक गोष्ट अट्ठकथेत आली आहे. तथागत मोठा प्रवास करून त्या नगरीत आले, ते एका गरीब शेतकऱ्याला धम्म समजण्याची वेळ आली आहे असे जाणून. त्याच दिवशी त्या शेतकऱ्याचा बैल हरवला. बैल शोधत तो रानोमाळ हिंडला. इकडे भोजनदान झाले, सगळी नगरी उपदेश ऐकायला जमली, पण तथागत बोलेनात. एका माणसासाठी सारी सभा थांबली. बैल सापडल्यावर शेतकरी धापा टाकत आला. त्याला आधी जेवू घाला, असे तथागतांनी सांगितले, आणि तो जेवल्यानंतरच उपदेश सुरू केला. भिक्षूंनाही याचे नवल वाटले, असे कथा सांगते. त्या दिवशी आळवीत पटसंख्या पाहिली असती तर सभा भरलेली होती. एक शेतकरी नसल्याने काही बिघडत नव्हते. आणि भुकेल्याला शिकवू नये, आधी वाढावे, हे वाचताना मला तर वाडीच्या शाळेतली दुपारची खिचडी आठवते. शाळा बंद होते तेव्हा फळा जातो तसे ते ताटही जाते. ते ताट किती घरांत दिवसातले पोटभर जेवण असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही सुट्टीत मुलांना घेऊन कार्ल्याला जाता. पुढच्या खेपेस चैत्यगृहातले खांब जरा थांबून दाखवा. त्यांच्यावर ब्राह्मी लिपीत नावे आहेत. ती राजांची नाहीत. धेनुकाकट नावाच्या गावच्या लोकांनी एकेक खांब दिला. त्यांत यवनही होते. सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या एकाने दरवाजाचे दान दिले. दूरच्या वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी हे शैलगृह आपण पुरे केले असे सांगतो. उषवदाताने पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिले. कार्ल्याच्या लेखांत 'मामाल' हे नाव येते, आणि तेच आपले मावळ असे अभ्यासक मानतात. या दात्यांपैकी त्या लेण्यात राहणारे किती असतील? बहुतेक सारे दूरचे. ज्या छपराखाली आपण झोपणार नाही त्याचा दरवाजा आपण द्यावा, असे त्या गंध विकणाऱ्याला दोन हजार वर्षांपूर्वी वाटले. आपल्याला तर फक्त सही मागितली होती.

लोक एकत्र आले तर काय होते, हेही पाहा. इगतपुरी तालुक्यात दरेवाडी येथे भाम धरणाने विस्थापित झालेल्यांची वस्ती आहे. २०२३ मध्ये तिथली शाळा बंद झाली तेव्हा मुले शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेकडे निघाली. 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' अशी त्यांची घोषणा होती. शाळा नको असेल तर आम्हाला वळायला शेळ्या तरी द्या, असा त्याचा अर्थ. शाळा पुन्हा सुरू करणे भाग पडले. दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातले. जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा अवघ्या तीन मुलांवर आली होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले, गाव कामाला लागले, आणि काही वर्षांतच पट शंभराच्या पुढे गेला. २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार त्या शाळेला मिळाला. प्रत्येक वाडीला असे गुरुजी मिळणार नाहीत, हे मला कळते. पण नियमाप्रमाणे चालले असते तर त्या तीन मुलांच्या शाळेचे दार केव्हाच बंद झाले असते, आणि पुढे काय होणार होते ते कोणालाही कळले नसते.

म्हणून ज्या विहारांच्या आसपास अशा शाळा आहेत, तिथल्या उपासक-उपासिकांनी काय करावे ते सांगतो. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत, असे कायदा सांगतो. बऱ्याच ठिकाणी ही समिती कागदावर असते आणि सह्या घरोघरी जाऊन घेतल्या जातात. तुमचे मूल तिथे नसेल तर तुम्हाला पालक म्हणून सभासद होता येणार नाही. परंतु कातकरी वाडीतल्या बाईला बैठकीची तारीख कळवणे, तिच्याबरोबर जाणे, इतिवृत्तात तिचे म्हणणे लिहिले गेले की नाही ते वाचून दाखवणे, एवढे तुम्हाला करता येते. शाळा हलवण्याचा प्रस्ताव आला तर तो लेखी मागा. ग्रामसभेत ठराव करा. अंतर कागदावर मोजू देऊ नका. गटशिक्षणाधिकाऱ्यांना जुलै महिन्यात, पाऊस चालू असताना, वाडीपासून नव्या शाळेपर्यंत मुलांबरोबर चालत नेण्याची विनंती करा. शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या मुलांना वाचायला बसवले तर गुरुजींचाही भार हलका होईल. आणि कुटुंबे भट्टीवर निघण्यापूर्वी, दिवाळीच्या सुमारास, कोणती मुले मागे राहू शकतील याची यादी घरोघर फिरून करा. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिची मागणी त्या यादीसकट वेळेत पोहोचली पाहिजे. मुले एकदा निघून गेली, त्यांची नावे पटावरून उतरली, की मग आपला अर्ज कितीही चांगल्या मराठीत लिहिलेला असला तरी त्याला जोडायला आकडा उरत नाही.